सोनवणे बाईंचे जिवंत दगड

शोकसभा कॉलेजच्या नव्या सभागृहात होती. टेबलावर सोनवणे बाईंचा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढं दोन उदबत्त्या. संस्थेचे आताचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. हे जुन्या अध्यक्षांचे चिरंजीव. खिशातला कागद काढून ते म्हणाले, "बाई अतिशय शांत, मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही."

मी उठलो आणि सगळ्यांच्या पायांवरून वाट काढत बाहेर आलो. निवृत्त झालेला माणूस सभेतून उठला की लोकांना वाटतं, लघवीला गेला असेल. वाटू दे. बाहेर चहाच्या गाड्यावर उभा राहिलो. या बाईंना संस्थेनं कॉलेजातून काढलं, कोर्टात वर्षानुवर्षं झुलवलं, आणि आता त्या गेल्यावर त्यांचा रागसुद्धा काढून घ्यायला निघालेत. राग काढला तर सोनवणे बाईंचं काय उरतं?

म्हणून हे लिहितो आहे.

बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. त्या माकणीकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. वडील लहानपणीच गेले, आईनं मोलमजुरी करून शिकवलं. माझं घर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, तेवढीच सुरुवातीची ओळख. उंचीनं बुटक्या, केस घट्ट मागं बांधलेले, पदर कमरेला खोचलेला. चिडल्या की बाकी लोकांचा आवाज चढतो. बाईंचा खाली यायचा. इतका खाली, की पोरं बाकावरून पुढं झुकून ऐकायची. प्राचार्यांच्या खोलीत त्या शिरल्या आणि आतून काहीच आवाज आला नाही, की आमचा शिपाई म्हणायचा, "लई पेटल्यात आज."

त्यांची एक सवय मला फार छळायची. कुणी म्हणालं, "गेल्या आठवड्यात टँकर आला नाही," तर बाई लगेच म्हणायच्या, "आला नाही न्हाय, पाठवला नाही. कुणी पाठवला नाही?" कुणी म्हणालं, "झाडं जळाली," तर, "जाळली. पाणी घातलं नाही कुणी?" एकदा माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही मराठीचे ना? पोरांना आधी हे शिकवा. वाक्यात कर्ता घाला म्हणावं. कर्ता लपवून बोलणं म्हणजे चोराची भाषा."

मी हसलो होतो. त्या हसल्या नव्हत्या.

त्यांच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून बरण्यांची रांग होती. फॉर्मलीनमध्ये बुडवलेले समुद्रातले जीव. सगळे एकाच रंगाचे, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. परीक्षेला प्रश्न यायचा, प्रवाळाची रचना सांगा. एका वर्षी लोहाऱ्याकडच्या एका मुलीनं लिहिलं, "प्रवाळ हा समुद्रात बरणीमध्ये राहतो." स्टाफरूममध्ये तो पेपर हातोहात फिरला, लोक पोट धरधरून हसले. बाईंनी तो पेपर ओढून घेतला.

"ती खरं लिहितीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आपण तिला बरणीच दाखवली. दात काय काढताय?"

आणि त्या पेपर घेऊन थेट प्राचार्यांकडं गेल्या. मला समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी पाहिजे, आणि तिच्यात घालायला जिवंत दगड पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती.

जिवंत दगड म्हणजे काय, ते त्यांनी मला समजावून सांगितलं. समुद्राच्या तळाशी प्रवाळाचे जुने, सच्छिद्र दगड असतात. त्यांच्यावर जांभळं-गुलाबी शेवाळ चढतं, भोकाभोकांत किडे, स्पंज, शिंपले, डोळ्यांना न दिसणारे जंतू घर करतात. असा दगड टाकीत ठेवला की तोच पाणी साफ करतो, आणि टाकीला समुद्रपण येतं. दगड मेला की टाकी मेली.

खरेदी समितीपुढं विषय आला. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे साखर कारखान्याचेही अध्यक्ष. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. पांढरी टोपी, पानानं लाल झालेले ओठ. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "दगड इकत घ्यायचे? आपल्या जिल्ह्यात? अहो मॅडम, दगड काय कमी हायेत का हितं? म्हणाल तितके ट्रॉलीनं टाकतो." समिती खदखदून हसली.

बाईंनी हसू थांबू दिलं. मग म्हणाल्या, "इथले दगड मला ठाऊक आहेत साहेब. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईबरोबर तेच फोडलेत मी, खडीच्या कामावर. मला जिवंत पाहिजेत."

साहेबांनी मंजूर केलं. बाईंच्या बोलण्यामुळं नव्हे. असली समुद्राची टाकी आख्ख्या मराठवाड्यात कुणाकडं नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं म्हणून.

दगड आणणं मात्र सोपं नव्हतं. मुंबईच्या एका दुकानदारानं कळवलं, सिंगापूरचा फॉरेनचा माल आहे, हवा तर पाठवतो. बाई चिडल्या. "आपला समुद्र आटला का?" अखेर मद्रासच्या एका व्यापाऱ्याशी जमलं. तो रामेश्वरकडच्या कोळ्यांकडून दगड घ्यायचा आणि ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून रेल्वेनं पाठवायचा. आधी टाकी झाली, फोटो फ्रेम करणाऱ्याकडून, लोखंडी चौकटीत काचा बसवून. रत्नागिरीहून आंबे घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याला गाठून बाईंनी कॅनमधून समुद्राचं पाणी आणवलं. पाणी फिरवायला नि हवा सोडायला छोटा पंप बसवला. आणि सोलापूरला पार्सल आल्याची तार आली, तेव्हा मला म्हणाल्या, "सर, चला. दोन खोकी आहेत, माझे हात दोनच."

सोलापूरच्या पार्सल ऑफिसात खोक्यांना खाऱ्या पाण्याचा आणि किंचित कुजका वास येत होता. पुढं उस्मानाबादच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "दगडं हायेत न्हवं? टाका टपावर." ऊन असं होतं की टपाचा पत्रा तापून निघाला होता. बाईंनी एक खोकं मांडीवर घेतलं, दुसरं माझ्या मांडीवर ठेवलं. मधूनमधून बाटलीतलं खारं पाणी शिंपडत होत्या. पाणी झिरपून साडी भिजली, वाळली, आणि तिच्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले.

जकात नाक्यावर कारकून गाडीत चढला. "काय हाय?"

"दगड."

"कशाला?"

"शिकवायला."

त्याला ते पटलं नाही. खोकी खाली उतरवा, उघडून दाखवा म्हणाला. बांधकामाचं साहित्य म्हणून जकात लावू का, असंही विचारलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा आवाज खाली गेला तसा तो कारकून वाकला.

"उन्हात उघडलं तर मरतील हे. जनावरं आहेत. तुमच्याकडं म्हशीची जकात असंल ना? त्यात घ्या."

मागच्या सीटवरचा एक म्हातारा मोठ्यानं हसला. कारकुनानं खोक्यातला ओला कागद उचलून आत पाहिलं. एका भोकातून बोटभर लांबीचा केसाळ किडा डोकावला आणि परत आत गेला. कारकून मुकाट्यानं खाली उतरला.

पहिले काही आठवडे टाकीला घाण वास यायचा. प्रवासात मेलेलं कुजत होतं. बाई रोज बाह्या वर करून दगड एकेक करून घासायच्या, सडलेलं तेवढं नेमकं काढायच्या. वीज गेली की पंप बंद पडायचा. मग सायकलच्या पंपाला नळी जोडून पोरं पाळीपाळीनं पाण्यात हवा भरायची. उन्हानं पाणी उडायचं, त्याच्या जागी गोडं पाणी घालावं लागायचं. त्या साली पुन्हा पावसानं हुलकावणी दिली होती, गावाला पाणी टँकरचं. बाईंनी कॉलेजच्या हौदातला एक तांब्यासुद्धा घेतला नाही. आपल्या घरच्या वाट्यातली कळशी घेऊन यायच्या. "आम्ही दोघीच. एका बादलीत दोघींची आंघोळ होती," एवढंच म्हणायच्या.

आणि मग एका सकाळी दगड उघडले. दुसरा शब्द मला सापडत नाही. जांभळ्या दगडाच्या अंगावर नळ्यांतून बारीक पिसांचे पंखे बाहेर आले. एक स्पंज शेंदरासारखा पिवळा-लाल दिसायला लागला. बरणीवाली ती लोहाऱ्याची मुलगी काचेला नाक लावून उभी होती. तिनं टिचकी मारली, सगळे पंखे एका क्षणात आत गेले. ती दचकून मागं सरली आणि म्हणाली, "बाई, त्यांना कळलं!"

बाईंना मी समाधानानं बघताना त्या दिवशी पाहिलं. त्यांची आईही येऊन गेली. भागाबाई. काचेशी बराच वेळ बसली आणि म्हणाली, "म्या जल्मभर दगडं फोडली. ह्यो पैलाच, जो माज्याकडं बघतोय." मग माझ्याकडं वळून सांगायला लागली, खडीच्या कामावर पाण्याचा पिंप होता, पण यांनी त्याला हात लावायचा नाही. मुकादम वरून ओंजळीत ओतायचा. "ही सुमी तवा आठवी-नववीत. एक दिस हिनं सरळ पिंपात तोंड घातलं. मुकादमानं मारलं. ही रडली न्हाय. त्याला इचारती, 'पानी कुनाचं हाय, नाव सांग.'"

"माय, पुरं," बाई म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात मंत्र्यांचा दुष्काळी दौरा ठरला. बाई पेपर तपासायला औरंगाबादला गेल्या होत्या. साहेबांच्या मनात आलं, मंत्र्यांचं जेवण कारखान्याच्या विश्रामगृहात आहे, तिथं ती समुद्राची टाकी ठेवावी. प्राचार्यांनी नको म्हटलं नाही. मी म्हटलं. मला सांगण्यात आलं, सर, तुम्ही मराठी बघा. आता हे "सांगण्यात आलं" मी मुद्दाम लिहिलंय. प्राचार्यांनी सांगितलं.

टाकी जड. म्हणून तिच्यातलं सगळं पाणी कॉलेजच्या मागं ओतून दिलं. विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाला दगडांचा वास सहन झाला नाही. त्यानं ते बाहेर उन्हात मांडले, धुण्याच्या सोड्यानं आणि तारेच्या घासणीनं घासून पांढरेफेक केले. कॉलेजमागच्या वस्तीला जाणारा टँकर साहेबांनी विश्रामगृहाकडं वळवला. त्यातून काचेची टाकी भरली, हिरवळ भिजवली, गाड्या धुतल्या, छतावरची टाकी भरून घेतली. काचेच्या टाकीतलं पाणी समुद्राचं व्हायला हवं म्हणून स्वयंपाकघरातलं मीठ ओतलं. वर सोलापूरहून आणलेले लाल मासे सोडले. ते गोड्या पाण्यातले. त्यातले अर्धे संध्याकाळपर्यंत उताणे झाले. ते काढून टाकले.

दौऱ्याच्या दिवशी सकाळी बाई परतल्या आणि स्टँडवरून थेट कॉलेजात आल्या. प्रयोगशाळेच्या दारात वस्तीतली शेवंताबाई उभी होती, मागं आणखी चार-पाच बायका, सगळ्यांच्या कमरेवर रिकाम्या घागरी. मी शेजारच्या वर्गातून बाहेर आलो.

"बाई, तुमी आमच्यातल्या ना?" शेवंताबाई म्हणाली. "तुमच्या दगडानं आमचा टँकर प्येला म्हनं. दगडाला पानी, अन् आमच्या लेकराला न्हाय?"

बाईंनी आत पाहिलं. टाकीची जागा रिकामी होती. मी घडलं ते सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा मुळीच बदलला नाही. मला वाटलं, त्या शेवंताबाईला समजावतील, की माझा दोष नाही, मी तर घरची कळशी आणते. त्यांनी नुसती पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "घागरी घेऊनच चला."

विश्रामगृहाच्या फाटकावर पोलिसानं अडवलं. "टाकी माझी आहे," बाई म्हणाल्या, इतक्या हळू की त्यानं "काय?" म्हणून कान पुढं केला, आणि तेवढ्यात बायका आत गेल्या.

जेवणाच्या खोलीत पंगत बसलेली. मंत्र्यांच्या समोरच टाकी. पांढरे दगड, दोन-तीन सुस्तावलेले लाल मासे. साहेब उठून म्हणाले, "या, या मॅडम! यांचीच ही करामत बरं का."

बाई टाकीजवळ गेल्या, हात घालून एक दगड काढला. खडूसारखा पांढरा. तो उलटासुलटा करून पाहिला. मग वळल्या.

"हे काय झालं, साहेब?"

"अहो, जरा साफसफाई करण्यात आली."

"कुणी केली?"

"मॅडम, पाहुणे जेवतायत. नंतर बघू."

"पाणी कुठलं यात?"

"पाण्याची सोय करण्यात आली होती."

"कुणी केली? कुठल्या टँकरनं?"

खोलीत सगळे पुढं झुकले होते. मंत्रीसुद्धा. साहेबांनी टोपी सारखी केली. "दौऱ्यामुळं एक खेप वळवण्यात आली. एवढं काय त्यात?"

"कुणी वळवली? नाव घाला, साहेब. एका वाक्याचं काम आहे."

शेवंताबाई पुढं झाली. तिनं टाकीत ओंजळ घातली, तोंडाला लावली आणि तिथंच फरशीवर थुंकली.

"मीठ घातलंय!" ती ओरडली. "ह्यांनी पेयाच्या पान्यात मीठ घातलंय! ना आमी प्यावं, ना जनावरानं. म्या सांगू का नाव? ह्यांनी! ह्या टोपीवाल्यानं!" आणि तिनं साहेबांकडं हात केला.

पुढं बराच गोंधळ झाला. पोलिसांनी बायकांना बाहेर काढलं. मंत्री म्हणाले, या वस्तीच्या पाण्याचं बघा. त्या संध्याकाळी वस्तीत टँकर गेला, आणि उन्हाळा संपेपर्यंत जात राहिला. चुकवायची कुणाची छाती झाली नाही, कारण खेप चुकली की शेवंताबाई कलेक्टर कचेरीत जाऊन नावानिशी सांगायची.

बाहेर आल्यावर बाईंनी तो पांढरा दगड फाटकाजवळ खाली ठेवला. "समुद्रातून तोडून आणले आपण हे," त्या म्हणाल्या. "इथं आणून मारले. साहेबानं मारले, प्राचार्यांनी मारले. पण आणले मी." मग एकदम माझ्यावरच चिडल्या. "तुम्ही काय मान हलवताय? रिक्षा बघा."

जून उजाडला तशी त्यांच्या हातात बदलीची ऑर्डर पडली. संस्थेच्या लोहाऱ्याच्या शाळेत. पदवीच्या वर्गांवरून काढून आठवी-नववीला. "आपली बदली करण्यात येत आहे." बाईंनी स्टाफरूममध्ये माझा लाल पेन मागून घेतला, त्या वाक्याखाली रेघ मारली, बाजूला लिहिलं, "कोण करतो?" आणि कागद परत पाठवला. उत्तर आलं नाही. त्या कोर्टात गेल्या. तारखा पडत राहिल्या. साहेबांच्या माणसांनी त्यांना पैशाचा, बढतीचा, धमकीचा, सगळा प्रसाद देऊन पाहिला. लोहाऱ्यात भाड्यानं खोली मिळेना, आडनाव ऐकून लोक नाही म्हणत. मिळाली तेव्हा छपराची मिळाली. तिथं राहून त्या शिकवत राहिल्या, तारखेला एसटीनं येत राहिल्या. अनेक वर्षांनी निकाल बाईंच्या बाजूनं लागला. बदली बेकायदेशीर, कॉलेजात परत घ्या. मी पेढे घेऊन लोहाऱ्याला गेलो.

"येत नाही मी," बाई म्हणाल्या. "जिंकायचं होतं, जिंकले. आता ही पोरं कुणाला देऊ? तुमच्या प्राचार्यांना?"

लोहाऱ्यात त्यांनी पुन्हा टाकी केली नाही. समुद्र इथं आणायचा नाही, पोरांना तिकडं न्यायचं, असं त्यांनी ठरवलं. दर हिवाळ्यात आठवी-नववीची पोरं घेऊन रत्नागिरीला जायच्या. एसटीची सवलतीची गाडी, भाकरीची बोचकी, मुक्काम कुठल्या तरी शाळेच्या वर्गात. ओहोटीला खडकांवर पोरांना उतरवायच्या आणि जे जिथं आहे ते तिथंच दाखवायच्या. हात लावायची बंदी. दरवर्षी या सहलीत काही ना काही आडवं यायचं आणि दरवर्षी त्या भांडून जायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते उस्मानाबादच्या एसटी स्टँडवर. त्या निवृत्तीला आल्या होत्या, केस पांढरे झाले होते, पदर तसाच खोचलेला. मी सोलापूरच्या गाडीत खिडकीला बसलो होतो. फलाटावर लोहाऱ्याची पन्नासेक पोरं-पोरी बोचकी घेऊन रांगेत उभी होती, आणि बाई कंट्रोलरच्या खिडकीसमोर. त्यांची ठरलेली गाडी कुणीतरी लग्नाच्या वऱ्हाडाला दिली होती. कंट्रोलर आतून हात हलवत होता, मान हलवत होता, वहीकडं बोट दाखवत होता. बाईंचं बोलणं मला ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांचे ओठ अगदी थोडे हलत होते. कंट्रोलर आधी खुर्चीत मागं टेकून बसला होता. मग पुढं झाला. मग त्यानं खिडकीच्या गजांना कान लावला.

आमच्या ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी खिडकीतून हाक मारली, "बाई!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. गाडी मागं सरकून वळली तेव्हा कंट्रोलर चाव्यांचा जुडगा घेऊन ऑफिसातून बाहेर पळत आला होता, डेपोच्या फाटकाकडं हात करून दुसऱ्या एका ड्रायव्हरला गाडी काढ म्हणून ओरडत होता, आणि बाई पोरांकडं वळून म्हणत होत्या, हे मात्र मला ओठांवरून नीट कळलं, "उचला बोचकी."